नोकरी सोडली, मग कादंबरी कुठाय? सातारा-सांगलीकरांनो, तुमचे अनुभव लिहा

मंडळी, सुरुवात माझ्यापासून करते.

2022 च्या मार्चअखेरीस पुण्यातली विमा कंपनीतली नोकरी सोडून मी साताऱ्याला आईकडे आले. कारण सगळ्यांना एकच सांगितलं होतं, कादंबरी पूर्ण करायचीय. कादंबरी तेव्हा 41 पानांची होती. आज 63 पानांची आहे. मधल्या काळात फ्रीज, पाण्याचे फिल्टर, गृहकर्ज आणि गुडघेदुखी यांवर वेबसाइटवाल्यांसाठी किती लिहिलं ते परवा बसून मोजलं. साधारण सहा लाख शब्द भरले. एवढ्यात आठ कादंबऱ्या झाल्या असत्या.

वेळ मिळत नाही अशी तक्रार नाही. यवतेश्वरच्या घाटात रोज सकाळी फिरायला जाते, म्हणजे वेळ आहेच की. पण सकाळी 'गुडघेदुखीवर सात घरगुती उपाय' लिहून झाले की दुपारी माझी नायिकासुद्धा तसंच बोलायला लागते. सासूशी कडाक्याचं भांडण चालू असताना ती म्हणाली, "सर्वप्रथम हे लक्षात घ्या." मी हसले आणि फाइल बंद केली. त्यानंतर तीन आठवडे उघडली नाही.

मन रमावं म्हणून क्रोशे सुरू केलं. ते छान चाललं होतं. मग समोरच्या काकूंनी एक तोरण मागितलं, त्यांच्या नणंदेने दोन, आणि एका लग्नघरातून एकदम बाराची ऑर्डर आली. बारावं तोरण विणताना मला सुईचा राग यायला लागला. छंदाची तिसरी नोकरी झाली होती.

तुमचं कसं चाललंय ते लिहा. आणि कृपा करून पैशांचंही लिहा. 'मनासारखं जगतोय' एवढंच वाचून दुसऱ्याला काय कळणार?

•

सांगली, गावभाग

ताई, मग पैशांपासूनच सुरू करते. 2018 ला शाळेतली नोकरी सोडली, तेव्हापासून इंग्रजी-मराठी भाषांतर करते. सुरुवातीला शब्दाला रुपया मिळायचा, आता साठ पैसे. कारण हल्ली मशीनने केलेलं भाषांतर येतं आणि 'फक्त तपासून द्या' म्हणतात. या 'फक्त'मध्ये माझी अख्खी दुपार जाते. गेल्या आठवड्यात आलेलं वाक्य बघा: 'गोळी रात्रभर चार्जिंगला लावून ठेवा.' टॅबलेटची गोळी केली होती.

टीडीएसचंही, म्हणजे पैसे देतानाच कापल्या जाणाऱ्या कराचंही लिहून ठेवते. कंपनी बिलातून 10 टक्के कापते. आपलं उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरल्यावर ते परत मिळतात. पहिली दोन वर्षं मला हे माहीतच नव्हतं, दरच कमी दिलाय असं समजून गप्प बसले. आयकराच्या साइटवर आपल्या कापलेल्या कराचं विवरण उघडून बघत जा. एप्रिल 2025 पासून एका कंपनीकडून वर्षाला 50 हजारांपर्यंतच येत असतील तर हे कापत नाहीत, आधी ती मर्यादा 30 हजारांची होती.

आता खरं सांगायचं ते. 2019 च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी 45. आमचा तळमजला पूर्ण पाण्यात. पाणी चढायला लागलं तेव्हा मी लॅपटॉप, चार्जर आणि क्लायंटच्या कामाचे प्रिंटआउट वर नेले. माझ्या कथांच्या चार वह्या खालच्या कपाटात राहिल्या. विसरले नव्हते मी. आधी काय न्यायचं हे जिन्यात उभं राहून ठरवलं होतं, आणि दुसऱ्या फेरीला पाणी कपाटापर्यंत आलं होतं.

वह्या आठ दिवसांनी मिळाल्या. पानं एकमेकांना चिकटून पापडाच्या लाटीसारखी झाली होती. एकेक सोडवून कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून वाळवली. बॉलपेनने लिहिलेलं बरंचसं दिसत होतं, शाईपेनचं सगळं निळं पाणी. अकरा कथांपैकी सात आठवून परत लिहिल्या. चार आल्याच नाहीत. "त्या तेवढ्याच लायकीच्या असतील," असं नवरा म्हणाला. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

2021 ला परत पाणी आलं तेव्हा पहिल्या फेरीत वह्या नेल्या.

•

कराड

मी थोडक्यात लिहितो, कारण माझी गोष्ट उलटी आहे. अकरा महिने फ्रीलान्स केलं आणि परत नोकरीला लागलो. घराचा हप्ता 14 हजार, आणि बिल मार्चचं असेल तर पैसे जूनमध्ये. महिन्यातले दहा दिवस 'सर, पेमेंटचं जरा बघा ना' असे मेसेज लिहिण्यात जायचे, तेही गोड भाषेत. माझं त्या वर्षातलं सगळ्यात घोटून लिहिलेलं गद्य तेच असेल.

आता एका पतसंस्थेत आहे. डबा खाऊन झाला की वीस मिनिटं गाडीत बसून वहीत लिहितो. या वीस मिनिटांवर दोन दिवाळी अंकांत कथा आल्या. एकाने 500 रुपये मानधन दिलं, दुसऱ्याने अंक दिला. नोकरी सोडून लिहिणाऱ्यांबद्दल मला आदरच आहे, पण हप्ता असेल तर सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढल्याशिवाय सोडू नका.

•

मिरज

बँकेतून व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेतली तेव्हा मी 53 चा. आता ऑडिओ ॲपसाठी मालिका लिहितो. भाग दीड हजार शब्दांचा, आठवड्याला पाच. प्रत्येक भागाच्या शेवटी कोणीतरी दार वाजवायचं, कोणाचातरी फोन यायचा किंवा कोणीतरी मरायचं. वर्षभर हे केलं की स्वतःची कथा लिहितानाही दार वाजतंच. ताईंच्या नायिकेचं दुखणं मला चांगलं कळलं.

एका ठिकाणी 60 भाग दिले आणि 35 भागांचे पैसे आले. बाकीचे अजून यायचेत. तेव्हापासून तिसरा हिस्सा आगाऊ घेतल्याशिवाय पहिली ओळ लिहीत नाही.

छंदाबद्दल माझं मत जरा कडक आहे. दिवसभर शब्दांत असणाऱ्याने शब्दांचा छंद ठेवू नये. कविता, ब्लॉग, वाचनकट्टा हे सगळं त्याच विहिरीतलं पाणी. मी दुपारी सतारमेकर गल्लीत एका कारागिरांकडे जाऊन बसतो. 2024 ला इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं. त्यानंतर फोटो काढणारे वाढले, शिकणारी पोरं मात्र येत नाहीत, असं ते म्हणतात. मला वाजवता येत नाही. भोपळा घासायला देतात तो घासतो, एवढंच.

पण जवारी काढताना, म्हणजे तारेचा नाद जुळवताना बघावं. तारांखालच्या घोडीवर कानस दोनदा फिरवायची, तार चढवायची, छेडायची, मान वाकडी करून ऐकायचं, तार उतरवायची, परत कानस. इतकी हलकी की भुकटी पडलेलीही दिसत नाही. एकदा दीड तास हे चाललं आणि शेवटी त्यांनी घोडीच बाजूला ठेवली. "आज कान लागत नाही, उद्या बघू," म्हणाले. गिऱ्हाईक मुंबईहून आलेलं, समोर बसलेलं. त्याला चहा पाजला आणि उद्या या म्हणून सांगितलं.

मला हे अजून जमलेलं नाही. संध्याकाळी सातला भाग द्यायचा असला की कान लागो न लागो, दार वाजवतो.

•

वाई

प्रूफं तपासते, पानावर दर. वाईत विश्वकोशाचं कार्यालय असल्यामुळे या कामाला इथे काही मान असेल अशी माझी समजूत होती. सासूबाई शेजारणीला सांगतात, "ती घरीच असते, वाचत बसते." मग गॅसवाला, कुरिअर, सोसायटीच्या पाण्याचा टँकर, सगळं माझ्याकडे. उपाय एकच सापडला: सकाळी दहाला साडी नेसून, पर्स घेऊन मागच्या खोलीत जाते आणि दार लावते. हसू नका. पर्स दिसली की कोणी हाक मारत नाही.

स्वतःची बालकादंबरी चालू आहे. ती पर्सशिवाय, रात्री.

•

तासगाव तालुका

ताई, मी इथं सगळ्यात लहान असेन. पुण्यातली आयटीतली नोकरी 2021 मध्ये सोडली आणि घरी आलो. दोन एकर द्राक्षबाग, जोडीला कंपन्यांचं कंटेंट रायटिंग, आणि कथा.

पहिल्या वर्षी रोजचं वेळापत्रक केलं होतं. सकाळी कथा, दुपारी क्लायंट, संध्याकाळी बाग. बागेला हे कोणी सांगितलंच नव्हतं. ऑक्टोबर छाटणी म्हणायची, पण आमच्यात सप्टेंबरलाच सुरू होती. तिथून माल तयार व्हायला चार महिने. फुटवे काढणं, विरळणी, मणी फुगायला जीए या संजीवकात घड बुडवणं, आणि मधी अवकाळी पाऊस आला की दावण्या रोगाची धास्ती. फवारणी एक दिवस पुढं ढकलता येत नाही. असाच पाऊस उघडल्यावर रात्री नऊला ट्रॅक्टरवर होतो, मागं ब्लोअर चालू, आणि क्लायंटचा फोन. "टोन थोडा फ्रेंडली करता येईल का?" मी काय बोललो ते इथं लिहीत नाही. ते काम गेलं.

त्यानंतर दिवसाची वाटणी सोडून दिली, वर्षाची केली. सप्टेंबर ते जानेवारी मोठं काम घ्यायचं नाही, दोन जुने क्लायंट तेवढे ठेवायचे, महिन्याला 12 हजार आले तरी चालतंय. माल गेला की फेब्रुवारी-मार्चला क्लायंटचं दाबून काम. एप्रिलला खरड छाटणी. तिथून पुढं बागेत औषधपाणी असतं, पण जीव टांगणीला नसतो. जून ते ऑगस्ट फक्त कथा. दिवाळी अंकांना साहित्य द्यायची वेळही तीच, हे आपलं नशीब. गेल्या तीन पावसाळ्यांत नऊ कथा झाल्या, पाच छापून आल्या. बाकीच्या वर्षात कथा सुचली तर फवारणीच्या वहीत मागच्या पानावर टिपून ठेवतो. वडील औषधाचं प्रमाण बघायला वही उघडतात आणि विचारतात, "ही विधवा कोण?"

मिरजेच्या काकांनी लिहिलं तसं शब्दांबाहेरचं काही हवं हे पटतंय. माझी बागच आहे ती, पण तिला छंद म्हटलं तर आई मारेल.

ताई, एक विचारायचं होतं. क्रोशेची तोरणं अजून करता का? मेमध्ये आमची वास्तुशांती आहे, दोन लागतील.

•

सातारा

नाही करत, वर लिहिलंय की.

दाराची रुंदी किती आहे?