मदत हवी आहे: 'नियमित संबंध आरोग्याला चांगले' यात खरं किती? (वय ४९, सोलापूर)

नमस्कार. नेहमीच्या नावाने लिहायचा धीर होत नाही, म्हणून हा नवीन आयडी. मी सोलापूरची. यजमान ५४ वर्षांचे, टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतात. त्यांना बीपी आणि शुगर दोन्ही आहे. मुलगी पुण्याला, सासूबाई आमच्याजवळ.

वर्षभरापासून माझी पाळी मागेपुढे होतेय. तेव्हापासून संबंधाच्या वेळी आग होते, दुखतं, म्हणून मी टाळते. त्यात यजमानांच्या मित्रांच्या ग्रुपवर एक मेसेज आला: नियमित संबंध ठेवले की हार्ट अटॅक येत नाही, प्रोस्टेटचा कॅन्सर होत नाही, प्रतिकारशक्ती वाढते, वजन उतरतं, आयुष्य वाढतं. आणि आकडा काय, तर महिन्यातून २१ वेळा! आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं, तिथे २१. मला हसू आलं, पण ते गंभीर होते. माणूस वाईट नाही, जबरदस्ती कधीच केली नाही. पण आता नको म्हटलं की मनात येतं, उद्या यांच्या तब्येतीचं काही बरंवाईट झालं तर ते माझ्यामुळे का?

मेसेजमधलं खरं किती? माझं दुखणं वयाचं म्हणून सोडून द्यायचं का? आणि ते मेडिकलमधून 'ती' गोळी आणतो म्हणतायत, बीपीच्या औषधांबरोबर चालते का? मागे एका लेडी डॉक्टरांकडे गेले होते, पण सासूबाई शेजारीच बसलेल्या. विषयच काढता आला नाही.

---

कडक_भाकरी:
२१ वेळावाल्याला एप्रिलमध्ये जुळे सोलापुरात पत्र्याच्या खोलीत आणून ठेवा, बाकी काही सांगायला नको. ताई, गंमत केली, राग मानू नका. जाणकार येतीलच.

---

वाचनवेडा:
मेसेज पूर्ण खोटा नाही, पण अर्धवट आहे. २१ चा आकडा अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीतला, २०१६ साली छापून आलेला. महिन्यात २१ किंवा जास्त वेळा वीर्यस्खलन होणाऱ्या पुरुषांत, ४ ते ७ वेळावाल्यांच्या तुलनेत प्रोस्टेट कॅन्सरचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी कमी दिसलं. म्हणजे 'होत नाही' असं नव्हे. आणि स्खलन म्हणजे कसंही झालेलं, त्यात बायकोचा हिशेब कुठेच नाही!

आयुष्याची गोष्ट वेल्समधली, १९९७ ची. ४५ ते ५९ वयाच्या ९१८ पुरुषांवर दहा वर्षं लक्ष ठेवलं. ज्यांना आठवड्यातून दोनदा किंवा जास्त वेळा कामतृप्ती मिळत होती, त्यांच्यातले मृत्यू महिन्यातून एकदाही न मिळणाऱ्यांच्या निम्मे होते. पण मुळात ज्याची तब्येत धड, तोच यात उत्साही असणार. संबंधांमुळे तब्येत की तब्येतीमुळे संबंध, हे अशा पाहणीतून ठरत नाही.

उलटा निष्कर्षही आहे, तो कोणी फॉरवर्ड करत नाही. २०१६ मध्येच अमेरिकेतल्या ५७ ते ८५ वयाच्या लोकांच्या माहितीवरून दिसलं की आठवड्यातून एकदा किंवा जास्त संबंध ठेवणाऱ्या वयस्क पुरुषांत पुढच्या पाच वर्षांत हृदयाचे त्रास जास्त होते. बायकांचं मात्र वेगळं: ज्यांना संबंधांतून सुख मिळत होतं, त्यांना रक्तदाबाचा धोका कमी. तिथे सुखाला किंमत होती, हे यजमानांना जरूर वाचून दाखवा.

वजनाचं तर सोडूनच द्या. कॅनडात तरुण जोडप्यांवर मोजलं, तर एका वेळेला पुरुषाच्या साधारण १०० कॅलरी, बाईच्या ७० च्या आसपास. झोप बरी लागते, मन हलकं होतं, ताण उतरतो, एवढं मी मानतो. पण दुखत असताना निभावून नेलं तर त्यातलं काय मिळणार?

---

निवृत्त_सिस्टर:
ताई, मी स्त्रीरोग विभागात बरीच वर्षं नोकरी केली. तुमच्या वयाच्या बायका दुसऱ्याच कामाला यायच्या आणि पडद्यामागे गेल्यावर हळूच हे सांगायच्या. पाळी जायच्या सुमारास इस्ट्रोजेन हे बाईच्या शरीरातलं हार्मोन कमी होतं, योनीमार्गाचं अस्तर पातळ आणि कोरडं पडतं, म्हणून आग होते. गरम वाफा काही वर्षांनी कमी होतात, पण हा कोरडेपणा सहसा आपोआप जात नाही, वाढतो. म्हणून सोडून देऊ नका. मेडिकलमध्ये पाण्याचा बेस असलेली जेली मिळते, त्यापासून सुरुवात करा. कंडोम वापरत असाल तर खोबरेल तेल लावू नका, रबर फाटतं. जेलीने भागलं नाही तर आत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम डॉक्टर देतात. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल तर ते आधी सांगायचं. लघवीला जळजळ असेल तर लघवी आणि स्वतःची शुगर तपासा. संबंधानंतर रक्त दिसलं तर थांबू नका.

अजून एक, पाळी अनियमित आहे म्हणजे दिवस राहणार नाहीत असं नाही. पन्नाशीच्या आत पाळी गेली तर पुढे दोन वर्षं काळजी घ्यायला सांगतात.

आता गोळी. मेडिकलवाल्याला विचारून अजिबात नको. छातीत दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायची गोळी किंवा नायट्रेटचं कुठलंही औषध चालू असेल तर ही गोळी जिवावर बेतू शकते, बीपी एकदम कोसळतं. प्रोस्टेटच्या काही औषधांबरोबरही जपावं लागतं. बीपीच्या बाकी बऱ्याच औषधांबरोबर चालते, पण डॉक्टरांनी सगळ्या चिठ्ठ्या बघून दिली तरच. मुळात त्यांना ताठरपणा न येण्याचा त्रास असेल, तर शुगर-बीपीवाल्यांत तो कधीकधी हृदयाच्या दुखण्याची पहिली खूण असतो. दोन मजले जिना चढून छातीत दुखत नाही, दम लागत नाही ना, एवढं तरी बघा. शंका असेल तर आधी तपासणी.

---

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. सिस्टर, ते त्रासाचं तुम्ही बरोबर ओळखलंत, म्हणूनच गोळीचं चाललंय बहुतेक. रात्री त्यांना वाचनवेडांचा प्रतिसाद दिला वाचायला. बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "दुखतं हे तू मला सांगितलंच नव्हतंस." ईसीजी काढायला तयार झालेत. पण सासूबाईंना बाहेर कसं बसवायचं?

---

निवृत्त_सिस्टर:
आत गेल्यावर तपासणीच्या टेबलावरच बोला, तिथे नातेवाईकांना येऊ देत नाहीत. तेही जमणार नसेल तर चिठ्ठीवर 'संबंधाच्या वेळी दुखतं' एवढं लिहून न्या आणि फाइलमध्ये घालून पुढे सरकवा. बऱ्याच जणी तसंच करायच्या.