मजकूर आधी मराठीच घ्या

मराठी वेबसाइटची पानं आखताना फिग्मात (डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये) इंग्रजी मजकुरावर स्क्रीन बनवा, मराठी शेवटी भरू, असं काही जण सुचवतात. माझा याला ठाम विरोध आहे. एका अर्जाच्या पानावर आम्ही तेच केलं. बटणाची उंची बांधलेली, ओव्हरफ्लो हिडन (म्हणजे चौकटीबाहेर जाईल ते दिसत नाही), लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, अक्षराच्या जेमतेम १.१ पट, त्यामुळे ‘नोंदणी पूर्ण करा’ यातला अनुस्वार आणि रफार वरून कापले गेले, ऊकार खालून. शीर्षकांना लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) होतं, त्यामुळे शिरोरेषेचे अक्षरागणिक तुकडे! देवनागरीला ते शून्यच ठेवा, लाइन-हाइट १.५च्या आसपास घ्या आणि बांधलेल्या उंचीऐवजी पॅडिंग (मजकुराभोवती आतली मोकळी जागा) द्या.

आणि हो, पिनकोडच्या रकान्यात ‘४११०३०’ टाइप करून बघा. रकान्याचा (इनपुटचा) प्रकार ‘नंबर’ असेल तर क्रोम देवनागरी अंक घेईलच असं नाही. तिथे साधा टेक्स्ट रकाना ठेवा, देवनागरी अंकांचे इंग्रजी अंक कोडमधून करून घ्या.