कर्नाटकातल्या मराठी सीमाभागातला लेआऊट ग्रुप : रॅम्प, मतदान आणि मधेच पाण्याचा टँकर

सेक्रेटरी भाऊ: नमस्कार मंडळी 🙏 पंचायतीचं मतदान कधीही लागेल अशी हवा आहे. यंदा आपल्या लेआऊटचं १०० टक्के मतदान झालंच पाहिजे. ज्येष्ठ आणि दिव्यांग बंधुभगिनींनी तर आवर्जून यावं, लोकशाहीचा उत्सव आहे.

सुजाता (प्लॉट ११): आवर्जून या म्हणजे कसं यायचं भाऊ? २०२० च्या डिसेंबरात पंचायतीच्या मतदानाला बाबांना कसं नेलं ते विसरलासा काय. व्हीलचेअरसकट चौघांनी उचललं, त्यातला एकजण पायरीवर घसरला आणि बाबा परत फिरायचं म्हणत होते.

सेक्रेटरी भाऊ: वहिनी राग मानू नका, रॅम्प होता की तेव्हा.

सुजाता (प्लॉट ११): त्याला रॅम्प म्हणतासा? सहा फुटी प्लायवूड पायऱ्यांवर आडवं टाकलेलं, मधे वाकत होतं.

पाटील मामा: सर्वांनी सक्षम ॲप डाउनलोड करा. त्यात व्हीलचेअर मागता येते. निवडणूक आयोगाचं अधिकृत ॲप आहे. 👍

अमित: प्लायवूड कुणाच्या घरचं होतं ते विचारा आधी. माझ्या किचनचं काम चालू होतं तेव्हा, अजून परत आलेलं नाही 😂

शिंदे वहिनी: टँकर आज पण आलेला नाही, खालच्या लाइनला तिसरा दिवस. मतदान नंतर बघूया की ओ.

निखिल: मामा, सक्षम ॲप केंद्राच्या आयोगाचं, लोकसभा विधानसभेसाठी. पंचायतीचं मतदान राज्य निवडणूक आयोग घेतं, दोन्ही वेगळे आहेत.

पाटील मामा: आयोग आयोगच असतोय बाळा.

देसाई काका: आणि सगळी कागदं कन्नडमधून येणार, ते कोण बोलणार? मराठी माणसाला चिठ्ठी वाचता येत नाही, आधी तो प्रश्न घ्या. दरवर्षी १ नोव्हेंबरला काळा दिन म्हणून नुसत्या घोषणा द्यायच्या आणि

सेक्रेटरी भाऊ: काका प्लीज. तो विषय इथं नको असं ठरलंय आपलं.

देसाई काका: ठरलंय म्हणजे तुम्ही ठरवलंय.

*हा मेसेज डिलीट केला आहे*

अमित: काका डिलीट केलासा काय, मी वाचला होता 😄

सेक्रेटरी भाऊ: (फोटो)

निखिल: भाऊ, फोटो टाकलात काय? माझा फोन फोटोतला मजकूर धड वाचत नाही. टाइप करा, शंभर वेळा सांगितलंय.

सेक्रेटरी भाऊ: सॉरी निखिल. त्यात लिहिलंय की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ११, भारताचा निवडणूक आयोग आणि राज्य निवडणूक आयोग या दोघांनीही सगळी मतदान केंद्रं दिव्यांगांना वापरता येतील अशी ठेवायची, साहित्यही समजेल असं द्यायचं.

निखिल: हेच तर. म्हणजे पंचायतीला सूट नाही, नाव घेऊन लिहिलंय. आणि आता माझं ऐका, मोठं आहे पण ऐका. २०२३ ला विधानसभेला मशीनवर प्रत्येक बटणाशेजारी ब्रेलमधे आकडे होते, मी बोटानं चाचपून माझं मत मीच दिलं, कुणाला कळलं नाही. पंचायतीला कागद असतो. आमच्या वॉर्डात मेंबर जास्त, म्हणून एकाच कागदावर तितके शिक्के, एक जास्त पडला की मत बाद. मला दिसत नाही म्हणजे दुसऱ्याला सांगावंच लागतं. मागच्या वेळी दारातच एकजण "ये मी मारतो तुझं" म्हणून हात धरून घेऊन गेला, त्यानं कुठं शिक्का मारला ते मला आजतागायत माहीत नाही. संध्याकाळी गल्लीत मात्र सगळ्यांना माहीत, की मी कुणाला मत दिलं.

सुजाता (प्लॉट ११): तोच माणूस आमच्या बाबांना पण "मी आहे की" म्हणत होता. सकाळपासून दारात उभा.

निखिल: विधानसभेच्या नियमात ४९ एन आहे. अंध किंवा अशक्त मतदारानं आपला सोबती आपण निवडायचा, तो अठरा वर्षांच्या वरचा, आणि एका दिवसात एकाच मतदाराचा सोबती होता येतं. पंचायतीला पण हेच लावा असं आपण लेखी मागूया. सोबती माझी ताई असेल, पार्टीचा माणूस नाही.

पाटील मामा: त्याचं नाव घेऊ नका ग्रुपवर, चांगला माणूस आहे तो. गटारीचं काम त्यानंच केलं.

अमित: गटार अर्धं आहे मामा.

पाटील मामा: ८५ च्या वरच्यांचं घरी येऊन मत घेतात. सुजाता तुझ्या बाबांचं तसं कर की. सक्षम ॲप.

सुजाता (प्लॉट ११): मामा, बाबा ७४ चे आहेत. अर्धांगामुळे ४० टक्क्यांवर दाखला आहे म्हणून २०२४ च्या लोकसभेला घरून मत द्यायचा १२ डी फॉर्म भरला, माणसं घरी आली, टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा लावला, कॅमेरावाला दाराशी. छान झालं. पण तो फॉर्म पंचायतीला चालत नाही, मी तेव्हाच विचारून आलेय.

हिरेमठ सर: नमस्कार. मी एक सांगतो. रॅम्पचा हिशोब असा आहे, एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. बूथ असतंय त्या शाळेच्या पायऱ्या पाच, अडीच फूट धरा. तीस फूट लागेल.

अमित: तीस फूट म्हणजे फाटकातून बाहेर रोडवर येईल सर, बससुद्धा चढेल 😂

हिरेमठ सर: म्हणून रॅम्प नकोच. मागं बिसिऊटची, म्हणजे पोरांच्या दुपारच्या जेवणाची खोली आहे, तिथं पायरी नाही. तांदळाची पोती हातगाडीवरून थेट आत जातात, मी रोज बघतो. त्याच्या शेजारची वर्गखोली बूथ करायची, एवढंच मागायचं.

सेक्रेटरी भाऊ: अरे हे बरोबर आहे की!! पण त्या खोलीत मोडके बाक भरलेत.

सुजाता (प्लॉट ११): बाक उचलायला चौघं मिळत नाहीत? बाबांना उचलायला मिळाले होते.

शिंदे वहिनी: 👏 आणि टँकर??

सेक्रेटरी भाऊ: वहिनी, टँकरवाल्याला फोन लावलाय, उचलत नाही.

देसाई काका: मी बाक उचलायला येतो. पण अर्ज मराठीतच द्यायचा.

हिरेमठ सर: देसाई काका, तहसीलदारांकडे कन्नड अर्ज एका दिवसात पुढं सरकतो. मी टाइप करतो, तुम्ही खाली मराठीत सही करा. दोन्ही राहू दे.

देसाई काका: सही मराठीतच असते माझी.

निखिल: अजून एक, ज्यांच्या घरी दिव्यांग आहे त्यांनी फॉर्म ८ भरून मतदार यादीत तशी नोंद करा. पंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच काढतात, तिथं नोंद नसेल तर बूथवाल्याला कळणार कसं की दोन व्हीलचेअर लागणार आहेत. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, असेल तर सोबत जोडा. पंचायतीत व्हीआरडब्ल्यू, म्हणजे दिव्यांगांचं काम बघणारे कार्यकर्ते, असतात, त्यांना पण भेटा, लेआऊटमधे असे किती आहेत ते त्यांना माहीत पाहिजे.

पाटील मामा: सक्षम ॲपमधे सगळं होतंय.

निखिल: मामा 🙏 नोंदीचं तिथं होतं, ते तुमचं बरोबर. व्हीलचेअरचं पंचायतीला होत नाही.

पाटील मामा: तेच म्हणतोय मी पहिल्यापासून.

जोशी काकू: आमच्या सासूबाईंना फक्त कमी ऐकू येतं, त्यांना पण भरायचा काय फॉर्म?

सुजाता (प्लॉट ११): दाखला असेल तर होय काकू. बूथवर सही कुठं, कागद कुठला हे त्यांना खुणेनं दाखवायला सांगा, मागच्या वेळी ओरडत होते त्यांच्यावर.

जोशी काकू: ओरडलं तरी ऐकू येत नाही त्यांना, म्हणून बऱ्या.

सेक्रेटरी भाऊ: ठरलं. सोमवारी ११ वाजता तहसीलदार ऑफिस. हिरेमठ सर, सुजाता वहिनी, निखिल, मी. दोन प्रती, एकीवर पोच घ्यायची. पंचायतीच्या अधिकाऱ्यांना, पीडीओंना, पण एक प्रत. खोली, टेबलाची उंची, सोबत्याचा नियम, एवढंच लिहायचं, गटार आणि टँकर त्यात घालायचं नाही.

शिंदे वहिनी: का नाही?

सेक्रेटरी भाऊ: वहिनी 🙏

सुजाता (प्लॉट ११): बाबा पण येणार म्हणताहेत. ऑफिसला पण पायऱ्या आहेत, साहेबांना खाली यावं लागलं तर येऊ दे.

अमित: माझी गाडी मोठी आहे, व्हीलचेअर मागं बसते, मी घेऊन येतो.

पाटील मामा: अमित, जाताना मला कॅम्पात सोडशील काय? एक काम आहे.