तुमचा ब्राउझर कोणता, आणि का? अनुभव सांगा

गोपनीयता आणि स्पर्धा हे दोन निकष एकदम लावून ब्राउझर निवडायला बसलं की उत्तरं एकमेकांना छेद देतात. एखादा माग काढू देत नाही, पण चालतो बड्या कंपनीच्याच इंजिनावर (पानाचा कोड वाचून ते पडद्यावर उभं करणारा ब्राउझरचा आतला भाग). ज्याचं इंजिन स्वतंत्र, त्याचं पोट प्रतिस्पर्ध्याच्या पैशावर. म्हणून ‘सर्वांत चांगला कोणता’ हा सामना इथे नको. तुम्ही काय सोडलं, काय पत्करलं आणि रोजच्या वापरात कुठे अडलं, ते लिहा.

कळफलक
वेबसाइट बनवणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग, त्यामुळे मी नाव बघत नाही, इंजिन बघतो. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी: सगळ्यांच्या आत गूगलचं ब्लिंक इंजिन. ऑपेराचं स्वतःचं प्रेस्टो होतं, ते त्यांनी २०१३ मध्ये सोडलं. मायक्रोसॉफ्टनेही आपलं इंजिन गुंडाळून जानेवारी २०२० मध्ये क्रोमियमवरचा (क्रोमचा खुला पाया) एज आणला. उरलं ॲपलचं वेबकिट आणि फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं गेको. (ब्लिंकही वेबकिटमधूनच फुटून निघालंय, पण ते असो.)

इंजिन एकच उरलं की मानकं समितीत ठरत नाहीत, त्या इंजिनात जे चालतं तेच मानक होतं. मायक्रोसॉफ्टचा जुना ब्राउझर इंटरनेट एक्स्प्लोरर ६ आला २००१ मध्ये. स्पर्धक उरला नव्हता, तर सातवी आवृत्ती यायला २००६ उजाडलं! म्हणून मी आधी फायरफॉक्समध्ये पान उभं करतो, मग क्रोममध्ये तपासतो. ऑफिसात क्रम उलटा, आणि फायरफॉक्सची तपासणी ‘वेळ मिळाला तर’.

चौकस
मी क्रोम सोडला तो युब्लॉक ओरिजिनपायी. हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायची छोटी प्रणाली. आधीच्या पद्धतीत एक्स्टेन्शनला पानाची प्रत्येक विनंती बघून ती जाऊ द्यायची की अडवायची हे तिथल्या तिथे ठरवता यायचं. मॅनिफेस्ट व्ही३ (क्रोमचे एक्स्टेन्शनसाठीचे नवे नियम) आल्यावर नियमांची यादी आधीच ब्राउझरच्या हवाली करायची, अडवायचं काम तो करणार. सुरक्षेचं कारण दिलं गेलं, आणि त्यात तथ्य आहे. सगळ्या विनंत्या वाचणारं एक्स्टेन्शन लबाड निघालं तर धोका मोठाच. पण जाहिराती विकणाऱ्या कंपनीनेच जाहिराती अडवण्याचे नियम लिहावेत, हे मला पटत नाही. फायरफॉक्सने जुनी सोय ठेवली आहे, म्हणून तिकडे गेलो. ब्रेव्हमध्ये जाहिराती अडवणारा भाग एक्स्टेन्शन नाही, ब्राउझरमध्येच बसवलेला आहे, त्यामुळे त्याला या बदलाची झळ लागली नाही. इंजिनाचं वावडं नसेल त्यांनी तो जरूर बघावा.

निवांत
मला तंत्रज्ञान कळत नाही. फोनवर सफारी होता, तोच ठेवला. त्याने तृतीय पक्षाच्या कुकीज (आपण उघडलेल्या साइटखेरीज इतरांनी माग काढायला ठेवलेल्या नोंदी) २०२० पासून सरसकट बंद केल्या आहेत, मला एवढं पुरतं. इन्कॉग्निटोवर (ब्राउझरच्या ‘खाजगी’ खिडकीवर) मात्र विसंबू नका. घरातल्या माणसांपासून इतिहास लपतो, वेबसाइटपासून नाही.

उंटावरचा शहाणा
@निवांत, याच कुकीजवरून गोपनीयता आणि स्पर्धा यांची खरी टक्कर झाली. गूगलने २०२० मध्ये जाहीर केलं की दोन वर्षांत क्रोममधून त्या काढू. ब्रिटनचा स्पर्धा नियामक मध्ये आला: कुकीज गेल्या की बाकीच्या जाहिरात कंपन्या आंधळ्या होणार, गूगलजवळ मात्र सर्च आणि यूट्यूबची स्वतःची माहिती राहणारच. मुद्दा बिनतोड होता. मुदती पुढे ढकलत ढकलत २०२४ मध्ये बेत बारगळला. कुकीज आहेत तिथेच.

आणि फायरफॉक्सवाल्यांनो, मीही तोच वापरतो, पण मोझिलाची बहुतेक कमाई सर्च बॉक्समध्ये गूगल ठेवण्यातून येते. अशा ‘डीफॉल्ट’ जागांसाठी गूगलने सगळ्यांना मिळून २०२१ मध्ये २६ अब्ज डॉलरहून जास्त मोजले, हा आकडा अमेरिकेतल्या खटल्यात बाहेर आला. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी सर्चमधली मक्तेदारी बेकायदा ठरवली. हे पैसेच बंद झाले तर आधी उपाशी मरेल तो फायरफॉक्स, ही भीती मोझिलाने उघड बोलून दाखवली होती. सप्टेंबर २०२५ च्या निकालात क्रोम विकायला लावला नाही. पैसे देण्यावर बंदी नाही, फक्त ‘आमचंच ठेवा’ अशी अट घालता येणार नाही. मक्तेदाराच्या पैशावर त्याचा स्पर्धक जगतोय, आणि न्यायालयालाही ही गाठ सोडवता आली नाही.

धागाकर्ता
@उंटावरचा शहाणा, मग तरीही फायरफॉक्सच का?

उंटावरचा शहाणा
पैसा उद्या दुसऱ्याकडूनही येऊ शकतो. इंजिन एकदा मेलं की नवं उभं करायला वर्षानुवर्षं लागतात. स्वतंत्र इंजिन उभारू पाहणाऱ्या लेडीबर्ड आणि सर्व्होवाल्यांचं काम बघा.

मधलं बोट
आयफोनवर ‘क्रोम टाकला’, ‘फायरफॉक्स टाकला’ म्हणणाऱ्यांसाठी: आत सगळीकडे वेबकिटच. युरोपीय संघात २०२४ पासून (आयओएस १७.४) दुसरं इंजिन आणायची कायद्याने मुभा मिळाली. माझं मत इथे जरा वेगळं आहे. ॲपलची ही सक्ती स्पर्धेच्या विरोधात आहे हे खरं, पण आज वेब डेव्हलपर ब्लिंक सोडून दुसऱ्या कशात पान तपासतात ते याच सक्तीमुळे. ती सगळीकडे उठली तर फायदा गेकोचा होईल की क्रोमचा, याचा विचार करा.

सावली
सल्ला एवढाच: गोपनीयतेसाठी दहा एक्स्टेन्शनं चढवू नका. फाँट, स्क्रीनचा आकार, भाषा, एक्स्टेन्शनमुळे पानात होणारे बदल या सगळ्यावरून तुम्ही ओळखू येता, आणि जितकी सजावट जास्त तितके तुम्ही उठून दिसता. ईएफएफ या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या ‘कव्हर युअर ट्रॅक्स’ या पानावर तपासून बघा. ओळख लपवण्यासाठीच बनवलेल्या टॉर ब्राउझरची रीत उलटी, सगळे वापरकर्ते शक्य तितके एकसारखे दिसावेत. मी तो मोजक्या कामांपुरता उघडते. रोजच्या लॉगिनला त्याचा उपयोग नाही आणि वेग सोसवत नाही.

आळशी
आईच्या लॅपटॉपवर फायरफॉक्स आणि युब्लॉक टाकून दिलं. तिचा एकच प्रश्न होता, पासवर्ड कुठे गेले? ते आयात केले, विषय संपला. फक्त एका सरकारी संकेतस्थळावरचं बटण दाबलं जात नाही, त्यासाठी एज ठेवलाय.

कळफलक
@आळशी, त्या पानावर असताना फायरफॉक्सच्या मेनूतून साइट चालत नसल्याची तक्रार पाठवा. मोझिलाची माणसं त्या तक्रारी बघतात, आणि काही साइटसाठी फायरफॉक्समध्येच तात्पुरती डागडुजी घालून पाठवतात. पत्त्याच्या पट्टीत about:compat लिहिलंत तर ती यादी दिसेल.