चर्चा: दारू पिऊन गाडी चालवलेल्याला कॅनडाने देशात यायचा तात्पुरता परवाना द्यावा का?

मिसिसागाकर

नुकतंच इथे कॅनडात, मिसिसागात, आमच्या ओळखीत एक लग्न झालं. नवऱ्या मुलीचे मामा ओहायोचे, अमेरिकन नागरिक. काही वर्षांपूर्वी दारू पिऊन गाडी चालवताना सापडले, कोर्टात गुन्हा कबूल केला. कॅनडाच्या कायद्याने अशा माणसाला देशात प्रवेश नाही. मामा तरीही आले. बफेलोच्या पीस ब्रिज या सीमेवरच्या पुलावर अधिकाऱ्यापुढे कागद ठेवले, दोनशेच्या वर डॉलर फी भरली आणि लग्नापुरतं 'टेम्पररी रेसिडेंट परमिट', म्हणजे तात्पुरतं राहायचा परवाना, घेऊन आत आले. हॉलमध्ये जो तो म्हणत होता, बरं झालं बाई, मामा पोचले. मला मात्र ते पटलेलं नाही.

2015 च्या सप्टेंबरात इथून जवळच, व्हॉनमध्ये, एका मद्यधुंद चालकाने तीन लहान भावंडं आणि त्यांच्या आजोबांचा जीव घेतला. ती बातमी या भागातलं कुणी विसरलेलं नाही. पुढे डिसेंबर 2018 पासून दारू पिऊन गाडी चालवण्याच्या गुन्ह्याची कमाल शिक्षा पाचावरून दहा वर्षांवर नेली. कमाल शिक्षा दहा वर्षं झाली की इमिग्रेशन कायद्यात तो 'गंभीर गुन्हा' ठरतो. मग संसदेने बंदी कडक करायची आणि पुलावरच्या अधिकाऱ्याने ती लग्नासाठी उठवायची, याला काय अर्थ? लग्न हे कारण चालत असेल तर न चालणारं कारण कोणतं?

डेट्रॉइटवासी

असहमत. आमच्याकडे नदी ओलांडली की कॅनडातलं विंडसर. रोज कामाला पलीकडे जाणारे लोक आहेत. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत पहिल्यांदा सापडलं तर तो किरकोळ गुन्ह्यात मोडतो: दंड, काही महिने लायसन्स बंद, सक्तीचा वर्ग, संपलं. कॅनडा मात्र तुमच्या राज्याने काय शिक्षा दिली ते बघतच नाही. हाच गुन्हा कॅनडात केला असता तर जास्तीत जास्त किती शिक्षा झाली असती, यावर मोजतो.

पूर्वी असा एकच जुना गुन्हा असेल तर शिक्षा संपून दहा वर्षं झाली की बंदी आपोआप सुटायची. डिसेंबर 2018 नंतरच्या गुन्ह्यांना ती सोय नाही. आता शिक्षा पूर्ण होऊन पाच वर्षं थांबा, मग 'रिहॅबिलिटेशन'चा, म्हणजे माणूस सुधारला असं मानून बंदी उठवण्याचा, अर्ज करा, हजाराच्या वर डॉलर भरा आणि निकालाची वाट बघा. त्या पाच वर्षांत मिसिसागात वडील अत्यवस्थ झाले तर मुलाने काय करायचं? त्याच्यासाठी हा परवाना आहे.

सरळमार्गी

मिसिसागाकरांशी सहमत. वडिलांचं आजारपण एकवेळ समजू शकतो. पण अशा प्रत्येक चर्चेत 'एका रात्रीची चूक' हे शब्द येतातच. पकडलं गेलं ती रात्र एक असेल. त्याआधी किती रात्री तसंच घरी आले, ते कुणी लिहून ठेवलेलं नसतं.

कागद बघणारी

मी इमिग्रेशन वकिलाच्या ऑफिसात अशा फायली तयार करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मिसिसागाकर, फी भरली की परवाना, असं नसतं. नकार आला तरी फी परत मिळत नाही. इमिग्रेशन कायद्याचं कलम 24 आहे, त्याखाली अधिकारी दोनच गोष्टी तोलतो: या माणसाने आत येणं किती गरजेचं आणि त्याच्यापासून इथल्या लोकांना धोका किती. फायलीत कोर्टाचा निकाल, पोलिसांचा दाखला, दंड भरल्याची पावती, व्यसनमुक्तीचा वर्ग केल्याचं पत्र, असं सगळं लागतं. पावती एका वेगळ्याच गुन्ह्याची निघाली म्हणून पुलावरून परत फिरलेला माणूस मी पाहिला आहे. परवाना जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो, सरकार तो कधीही रद्द करू शकतं आणि बहुतेक वेळा देशाबाहेर पाऊल टाकलं की संपतो. गुन्हा त्याने पुसला जात नाही. पुढच्या खेपेला सगळं पहिल्यापासून.

याच कलमाखाली 2006 पासून मानवी तस्करीतून सुटलेल्या बायकांनाही परवाना मिळतो. पहिला 180 दिवसांचा, फी नाही. ज्यांचा पासपोर्ट मालकाने काढून घेतला, व्हिसा संपला, त्यांना कायद्याच्या भाषेत इथे राहायचा हक्क नसतो. कलमच नको म्हणालात तर आधी त्यांचा आधार जाईल.

माझी तक्रार वेगळीच आहे. सारखीच फाईल एका अधिकाऱ्याला पटते, दुसऱ्याला नाही. नकार आला तर अपील नाही, फक्त फेडरल कोर्टाकडे परवानगी मागायची: निर्णय कॅनडात झाला असेल तर 15 दिवसांत, बाहेर झाला असेल तर 60 दिवसांत. लग्न तोवर होऊन जातं. कुठल्या कारणाखाली किती परवाने दिले हे दरवर्षी संसदेला सांगावं लागतं, पण किती नाकारले आणि का, ते सांगायची सक्ती कायद्यात नाही. इतका अधिकार एका व्यक्तीच्या हाती असला की काय होतं ते 2004 मध्ये दिसलंच. तेव्हाच्या इमिग्रेशन मंत्री जुडी स्ग्रो यांच्या प्रचारात काम केलेल्या बाईला असा परवाना मिळाल्यावरून गदारोळ झाला आणि पुढे आणखी एक आरोप झाल्यावर जानेवारी 2005 मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. नकाराची कारणं सविस्तर लेखी द्या, एवढंच माझं मागणं आहे.

ब्रॅम्प्टनची आई

ताई, एक विचारते. माझा मुलगा इथे पीआरवर, म्हणजे कायम राहायच्या परवान्यावर, आहे. त्याच्या तशाच पीआरवाल्या मित्रावर दारू पिऊन गाडी चालवल्याची केस झाली आहे. शिक्षा झाली तर त्या मित्राचा पीआर जाईल म्हणतात. इथे राहून टॅक्स भरणाऱ्या पोराला घालवायचं आणि ओहायोच्या मामांना नाचायला येऊ द्यायचं?

कागद बघणारी

काकू, 2018 नंतर पीआरवाल्यालाही तेच 'गंभीर गुन्ह्या'चं कलम लागतं, हे खरं. पण तुरुंगवास सहा महिन्यांपेक्षा कमी असेल तर त्याला अपील करता येतं आणि तिथे नोकरी, घर, कुटुंब सगळं बघतात. त्याला सांगा, कोर्टात गुन्हा कबूल करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेट. फौजदारी वकील पुष्कळदा फक्त दंड कमी करून घेतो आणि पीआरचा विषय निघतच नाही.

मिसिसागाकर

तस्करीतल्या बायकांना परवाना मिळालाच पाहिजे, त्यावर वाद नाही. त्या पीडित आहेत. दारुड्या चालकाला त्यांच्या शेजारी बसवू नका. त्याच्यासाठी मरण, गंभीर आजार, स्वतःच्या मुलाचा ताबा एवढीच कारणं ठेवा, समारंभ वगळा. आणि परवान्यावर ठळक छापा: कॅनडात असेपर्यंत गाडी चालवायची नाही. मामा लग्नाहून हॉटेलवर स्वतः गाडी चालवत गेले, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

डेट्रॉइटवासी

गाडीची अट मान्य, आजपासून घाला. पण समारंभ वगळायला माझा ठाम विरोध. आपल्याकडे भाचीच्या लग्नात मामा तिला बोहल्यावर आणतो. त्या माणसाने दंड भरला, वर्ग केला, लायसन्स परत मिळवलं. त्याने त्या दिवशी पलीकडच्या काठावर बसून फोनवर अक्षता टाकायच्या का?

मिसिसागाकर

हो, टाकाव्यात. पाच वर्षं थांबून अर्ज करायची वाट कायद्याने त्याला ठेवली आहे.