मदत हवी आहे: गावात उभी फूट आहे, ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आत मतदार नोंदणी कशी करावी?

पायथ्याचा_पाडा

नमस्कार मंडळी,

नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याला आमचं गाव. खाली मूळ गाव, वर दोन पाडे, आणि रस्त्यापलीकडे नर्मदेच्या बुडितातून उठून आलेल्यांची पुनर्वसन वसाहत. मागच्या ग्रामपंचायत निवडणुकीपासून गाव दोन पॅनलमध्ये वाटलं गेलं आहे. लग्नाच्या पत्रिकासुद्धा पॅनल बघून वाटल्या जातात.

आता या भांडणात मतदार यादी सापडली आहे. एक गट म्हणतो, पाड्यांवरची निम्मी माणसं सहा महिने गुजरातेत असतात, त्यांची नावं यादीत कशाला? दुसरा म्हणतो, खालच्या गावातली जी पोरं नाशिक-पुण्याला घरं घेऊन बसली, त्यांची नावं आधी काढा. दोन्हीकडे ७ नंबरचे, म्हणजे यादीतल्या नावावर हरकत घेण्याचे, फॉर्म भरून ठेवलेत अशी चर्चा आहे.

मागच्या मतदानाला खालच्या गावातल्या एक आजी प्लास्टिकच्या पिशवीत कार्ड घेऊन आल्या होत्या. यादीत त्यांच्या चौकटीवर ‘वगळले’ असा आडवा शिक्का छापलेला. त्या प्रत्येकाला विचारत होत्या, ‘‘भाऊ, मन्हं नाव काबरं काटं?’’ कुणाकडेच उत्तर नव्हतं. त्या कुठल्या पॅनलच्या, हे मात्र लगेच दोघातिघांनी सांगितलं. मला तेव्हापासून हे खूप लागलं आहे.

मी गावात ऑनलाइन अर्जांची कामं करून देतो, त्यामुळे दोन्हीकडची माणसं माझ्याकडे येतात. दोन्ही बाजूंची पाच-सहा पोरं सोबत यायला तयार आहेत. पण वेळ थोडा आहे. दसरा झाला, दिवाळी झाली की टोळीचा मुकादम ट्रक लावेल आणि टोळ्या गुजरातेत बारडोली-नवसारीकडे कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जातील. बहुतेक वर्षी प्रारूप (कच्ची) यादी ऑक्टोबरअखेरीला लागते, हरकती डिसेंबरपर्यंत आणि अंतिम यादी जानेवारीत. म्हणजे ज्यांच्या नावावर वाद आहे तीच माणसं नेमकी त्या वेळी गावात नसतात.

मला विचारायचं आहे ते असं. उसाला गेलेल्या माणसाचं नाव ‘घराला कुलूप’ म्हणून काढता येतं का? गठ्ठ्याने ७ नंबर आले तर आम्हाला कळणार कसं? आणि आमचं शिबिर एका पॅनलचं आहे असा शिक्का बसू नये म्हणून काय करावं? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

निवृत्त_अव्वल_कारकून

भाऊ, निवडणूक शाखेचं टेबल मी सांभाळलेलं आहे, तेव्हा कायद्याचं आधी सांगतो.

१९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १९ आणि २० दोन्ही पॅनलला वाचून दाखवा. वय १८ पूर्ण आणि त्या मतदारसंघात सर्वसाधारण रहिवास, या कलम १९ च्या अटी. कलम २० म्हणतं, माणूस तात्पुरता बाहेर गेला म्हणून त्याचा रहिवास संपत नाही. म्हणजे कोयत्यावर गेलेला तुमचाच रहिवासी. आणि तेच कलम असंही म्हणतं की गावात नुसतं घर किंवा जमीन आहे एवढ्यावर कुणी रहिवासी ठरत नाही. पुण्यात संसार थाटलेल्याने ८ नंबरचा फॉर्म भरून नाव तिकडे न्यावं. एकाच कलमात दोन्ही गटांचं उत्तर आहे, म्हणून ते अर्धं वाचू नका.

आता ७ नंबर. हरकत घेणारा स्वतः त्याच मतदारसंघाच्या यादीत असावा लागतो. त्याला आपलं नाव, कार्ड नंबर, कारण आणि सही द्यावी लागते. खोटं लिहून दिलं तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हे शांतपणे चारचौघांत सांगितलंत, तर निम्मे फॉर्म घरातच राहतील असं मला वाटतं. धमकी म्हणून सांगू नका, माहिती म्हणून सांगा.

फॉर्म आला म्हणजे नाव गेलं असं होत नाही. ज्याच्यावर हरकत आहे त्याला नोटीस द्यावी लागते, त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लालबाबू हुसेन प्रकरणात हे स्वच्छ सांगितलं आहे: नाव आधीपासून यादीत असेल तर ते रीतसरच आलं असं धरून चालायचं, आणि ऐकून घेतल्याशिवाय काढायचं नाही. अडचण एवढीच की नोटीस कुलूप लावलेल्या दाराला चिकटते आणि माणूस नवसारीच्या फडात असतो. म्हणून नोंदणी अधिकाऱ्याकडे हरकतींची जी यादी लागते, नमुना १० म्हणतात तिला, ती दर आठवड्याला कुणीतरी जाऊन वाचा, फोटो काढा आणि वर पाड्यावर पोहोचवा. तुमच्या गटातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे.

निर्णय विरुद्ध गेला तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील, तिथून ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे.

२०२५ मध्ये बिहारात काय झालं आठवा. प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावं बाहेर राहिली आणि कोण, कशामुळे हे लोकांना कळेना. शेवटी १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की ती नावं कारणासकट प्रसिद्ध करा. वगळलेल्यांची यादी उघड असली की निम्मा संशय तिथेच मिटतो. आपल्या नर्मदाकाठच्या मणिबेलीला मतदानाचं पथक होडीने जातं. यंत्रणा इतकं करते, पण माणसाचं नावच नसेल तर ती होडी त्याच्यासाठी गेलीच नाही.

तापीकाठ

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नये. सहा-सहा महिने जे गुजरातेत राहतात त्यांनी तिकडेच नाव नोंदवलं तर काय बिघडलं? गावच्या ग्रामपंचायतीचा निर्णय गावात राहणाऱ्यांनी करावा. उगाच मतदानाच्या आदल्या रात्री जीप भरून माणसं आणायची प्रथा यातूनच पडली आहे.

कोयत्यावरची_लेक

तापीकाठ दादा, माझे आईवडील अजून उसाला जातात, मी धुळ्याला शिकते. पडावावर, म्हणजे टोळीच्या मुक्कामावर, काय असतं ते सांगते. बांबूच्या कामट्या, वर काळा कागद, आत चूल आणि कपड्यांचं गाठोडं. फड संपला की तेच बांबू उपटून ट्रॅक्टरवर टाकायचे आणि पुढच्या गावाला. त्या खोपीला घर नंबर नाही, वीजबिल नाही, शेजारी ओळखत नाहीत. तिथला बीएलओ (मतदान केंद्राच्या यादीचं काम बघणारा कर्मचारी) कुठल्या पत्त्यावर पडताळणी करणार?

आमचं रेशनकार्ड, वनहक्काचा पट्टा, म्हातारी आजी, शेळ्या, सगळं गावात. पावसाळाभर आम्ही गावातच राबतो. पाड्याला पाणी यायचं की नाही हे ग्रामपंचायत ठरवते. मग मत कुठे द्यायचं? दोन ठिकाणी नाव ठेवायला कायद्याने बंदी आहे हे आम्हाला मान्य आहे, म्हणून एकच ठिकाण मागतो.

जीप भरून आणतात ते खरं आहे आणि ते वाईट आहे. पण उचल (आगाऊ मजुरी) घेतलेल्या माणसाला मतदानासाठी स्वतःच्या खर्चाने यायची सोय नसते, म्हणून तो जीपवाल्याच्या हातात सापडतो. त्यावर नाव काढणं हा उपाय होऊ शकत नाही.

तापीकाठ

ताई, पडावाचं इतकं जवळून माहीत नव्हतं. कलम २० चं वरचं वाचल्यावर माझा मुद्दा कायद्यातही बसत नाही हे मान्य करतो. जीपच्या प्रश्नावर मात्र वेगळी चर्चा व्हायला हवी.

अंगणवाडी_साक्री

दादा, मी स्वतः बीएलओचं काम करते, तेव्हा शिबिराचं मी सांगते.

टेबल एकच ठेवा आणि ते कुणाच्या ओट्यावर नको. जिल्हा परिषद शाळा किंवा आठवडे बाजाराचा पार. टेबलावर दोन्ही बाजूंचं एकेक पोरगं शेजारी शेजारी बसू द्या, आणि आलेला प्रत्येक अर्ज दोघांनी मिळून एका वहीत लिहावा: नाव, फॉर्म नंबर, तारीख. ती वही रोज संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या फळ्याजवळ सर्वांना बघायला ठेवा. तुमच्या बीएलओ ताईंना किंवा गुरुजींना आधी विश्वासात घ्या, त्यांना टाळून काही करू नका.

अर्ज गोळा करून गठ्ठा नेऊ नका. गठ्ठ्याने आलेले अर्ज घेत नाहीत, घरच्या माणसांचे एकत्र चालतात. पक्षांच्या बूथ प्रतिनिधींनाही नेहमीच्या पुनरीक्षणात एका दिवशी १० च्या वर देता येत नाहीत, आणि ३० च्या वर गेले की अधिकाऱ्यांनी स्वतः तपासायचे असतात. म्हणून ज्याचा अर्ज त्यानेच द्यावा किंवा त्याच्यासमोर ऑनलाइन भरावा. पाड्यावर एका घरात एकच मोबाईल असतो, तर नव्या नोंदणीच्या ६ नंबर फॉर्मवर नातेवाइकाचा नंबर चालतो. हे अनेकांना माहीत नाही आणि त्यापायी मुली परत जातात.

वयाचा घोळ सगळ्यात जास्त. देशातलं पहिलं आधार २०१० साली शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, आपल्या भागात आधार पोहोचलं लवकर, पण जन्मतारीख माहीत नसली की कार्डावर १ जानेवारी पडली. शाळेच्या दाखल्यावर मात्र १ जून. दोन कागद जोडले की अर्ज अडकतो. पोराकडे बोर्डाचं दहावीचं प्रमाणपत्र असेल तर तेच एक लावा, शाळा सुटलेली असेल तर आधार लावा. आणि १७ पूर्ण झालेल्यांनाही आत्ताच अर्ज करता येतो. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार तारखा आता धरतात, १८ पूर्ण झाले की नाव लागतं.

पत्त्याचा कागद नाही म्हणून कुणाला हाकलू नका. बीएलओने जागेवर जाऊन पाहायचं असतं. उघड्यावर राहणाऱ्यांकडे तर रात्री जाऊन, तो माणूस तिथे झोपतो का ते बघायची सूचना आहे.

सुना विसरू नका. माहेरच्या यादीत नाव, सासरी नाही, अशा बाया प्रत्येक घरात निघतील. त्यांना नवा ६ नंबर भरायला लावू नका, ८ नंबर भरा, नाहीतर दोन ठिकाणी नाव दिसतं आणि पहिली हरकत त्यांच्यावरच येते. अपंग मतदाराची नोंदही ८ नंबरमध्येच करता येते, म्हणजे बूथवर व्हीलचेअरची तजवीज आधीच होते.

पायथ्याचा_पाडा

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, दादा, तुमची उत्तरं मी छापून दोन्ही पॅनलच्या प्रमुखांना दिली. एकजण म्हणाले, ‘‘आमची पोरं टेबलावर बसतील, पण त्यांचीही बसली पाहिजेत.’’ दुसऱ्यांनीही शब्दशः तेच सांगितलं. तेव्हा टेबल शाळेच्या व्हरांड्यात लागतंय.

ठरलं ते असं. दिवाळीच्या आधी पाड्यांवर पहिली फेरी, कारण ती माणसं आधी निघतात. मुकादमाकडून कोणती टोळी कुठल्या कारखान्याला गेली त्याची नोंद घेऊन ठेवतोय, हरकत आली तर फोन कुणाला करायचा हे माहीत असावं म्हणून. प्रत्येक घरातलं एक माणूस, बहुतेक करून गावात राहणारी आजी किंवा आजोबा, नोटीस आली की आमच्याकडे आणून देईल. नमुना १० ची यादी वाचायला खालच्या गावातलं एक आणि पाड्यावरचं एक अशी दोघं जोडीने जातील. दुसरी फेरी होळीच्या आधी भोंगऱ्या बाजारात. होळीला माणूस कुठेही असला तरी घरी येतो, आणि १ एप्रिलला १८ पूर्ण होणारी पोरं तेव्हाच भेटतात.

वसाहतीतल्या काहींची नावं अजून मूळ गावच्या यादीत आहेत, जे गाव आता पाण्याखाली आहे. त्यांना ८ नंबर भरून देतोय, पण काहींकडे जुना कार्ड नंबरच नाही. अशांची नोंद कुणी शोधून काढली असेल तर कसं केलं ते सांगा.

आणि एक. प्रारूप यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचावी, वगळलेली नावं कारणासकट वाचावीत, असा ठराव आम्हाला मांडायचा आहे. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीतूनच प्रभागवार फोडतात, त्यामुळे हे वाचन आत्ता झालं तर पुढच्या निवडणुकीचं भांडण बरंच कमी होईल. जळगाव-धुळ्याकडे कुणाच्या गावात असा ठराव झाला असेल तर त्याचा मजकूर इथे टाका. ग्रामसभेची नोटीस निघायच्या आत हवा आहे.