रॉथ आणि किडनीची अदलाबदल

'गेम थिअरी म्हणजे प्राध्यापकांना पेपर छापायला बरी, बाकी उपयोग शून्य' असं कुणीतरी लिहिलंय. गेम थिअरी म्हणजे समोरचा काय करेल हे धरून माणसं कसे निर्णय घेतात, याचा गणिती अभ्यास. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ ॲल्विन रॉथ यांचं काम बघा. शाळा अर्धवट सोडलेला माणूस. १९७४ ची स्टॅनफर्डची पीएचडीसुद्धा अर्थशास्त्रातली नव्हे, ऑपरेशन्स रिसर्चमधली, म्हणजे गणिताच्या मदतीने कामाचं नियोजन करण्याच्या शास्त्रातली. पुढे प्राध्यापकी इलिनॉय, पिट्सबर्ग, हार्वर्ड आणि फिरून स्टॅनफर्ड विद्यापीठात.

खरी गंमत किडनीची. नवऱ्याला किडनी हवीय, बायको द्यायला तयार आहे, पण रक्तगट आडवा येतो. दुसऱ्या जोडप्यात रक्तगट नेमके उलटे. मग दात्यांची अदलाबदल करायची. पैशाने प्रश्न सुटत नाही, कारण अमेरिकेत अवयव विकणं गुन्हा. शिवाय आपल्या माणसाचं काम झाल्यावर समोरचा दाता मागे फिरला तर? त्याला कराराने बांधता येत नाही. म्हणून अशा अदलाबदलीत चारही शस्त्रक्रिया सहसा एकाच वेळी. आता हा गेम थिअरीचा प्रश्न नाही तर काय! सॉन्मेझ आणि उन्व्हर या अर्थशास्त्रज्ञांसोबत रॉथ यांनी २००४ मध्ये यावर पेपर लिहिला आणि न्यू इंग्लंडमधल्या (अमेरिकेचा ईशान्य भाग) डॉक्टरांना धरून यंत्रणाही उभी केली.

२०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना लॉइड शॅप्लींसोबत मिळालं. शॅप्ली मात्र स्वतःला गणितज्ञच म्हणवत.